पडद्यावरची माणसे आणि मृतांचे स्मरण

२ फेब्रुवारी २०२२ रोजी रमेश देव गेले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला विक्रम गोखले, ४ जून २०२३ रोजी सुलोचनादीदी आणि २४ ऑगस्टला सीमा देव. अवघ्या एकोणीस महिन्यांत मराठी पडद्यावरील एका युगाची पाने मिटली. मधल्या काळात प्रदीप पटवर्धन गेले, पुढे २०२४ मध्ये अतुल परचुरे गेले. ही सर्व माणसे आपल्या नात्यागोत्याची नव्हती. तरीही घरातले कोणी जावे तशी हळहळ धर्मग्रामातील घराघरांतून व्यक्त झाली. या हळहळीला काही इतिहास आहे आणि त्यात आपल्या श्रद्धेचाही धागा गुंतलेला आहे.

तो धागा विक्रम गोखले यांच्या घराण्यापासूनच उलगडता येतो. ‘बॅरिस्टर’ नाटकाने रंगभूमीवर आणि ‘अग्निहोत्र’सारख्या मालिकांनी दूरदर्शन संचावर ते परिचित झाले. पण त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत या १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात पार्वती झाल्या आणि दुर्गाबाईंची कन्या, म्हणजे विक्रमरावांची आजी कमलाबाई, मोहिनी झाल्या. भारतीय पडद्यावर स्त्रीने उभे राहण्याचा हा पहिला प्रसंग. त्याच वर्षी मे महिन्यात प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषालाच करावी लागली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या मायलेकींच्या धैर्याची कल्पना येते. आणि फाळक्यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा कशातून मिळाली? १९१०–११च्या सुमारास मुंबईत त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. भारतीय चित्रपटाच्या जन्माची ही कथा आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी सांगत नाही, सांगितली पाहिजे.

सुलोचनादीदी मूळच्या बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट गावच्या. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्या घडल्या. ‘वहिनीच्या बांगड्या’, ‘मोलकरीण’, ‘साधी माणसं’ या चित्रपटांनी त्यांना मराठी घराची वहिनी आणि आई केले. हिंदीतही त्या नायकांची आईच राहिल्या. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे एक कारण आहे. भालजींच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटात त्या जिजाबाई झाल्या होत्या आणि जिजाऊंचे माहेर आपले सिंदखेड राजा. जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून चित्रपट पाहणाऱ्या वऱ्हाडी बायाबापड्यांना लखुजी जाधवांच्या वाड्यातील ती लेक कशी बोलत असेल, कशी बघत असेल, हे दीदींच्या चेहऱ्यावरून प्रथम समजले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाला ते साधले नसते.

रमेश देव आणि सीमा देव यांची गोष्ट निराळी. १९६३ साली विवाहबद्ध झालेले हे जोडपे पडद्यावरही जोडपे म्हणूनच लोकांच्या मनात राहिले. हृषीकेश मुखर्जींच्या ‘आनंद’ (१९७१) मधील डॉक्टर कुलकर्णी आणि त्यांची पत्नी सुमन यांना कोण विसरेल? मरणाच्या दारात उभा असलेला पाहुणा या दांपत्याच्या घरी येतो आणि घरचाच होऊन जातो. त्याच चित्रपटात ललिता पवार यांनी मेट्रन डिसा साकारली आहे. मुखर्जींच्याच ‘अनाडी’ (१९५९) मध्येही त्या श्रीमती डिसा होत्या. वरून करडी, आतून मायाळू घरमालकीण. हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणूस बहुधा दारूच्या बाटलीसह किंवा नाचगाण्याच्या क्लबात दाखवला, ही आपली जुनी तक्रार आहे व ती रास्तच आहे. पण त्या गर्दीत या दोन डिसाबाई ताठ मानेने उभ्या आहेत आणि त्या उभ्या केल्या एका मराठी हिंदू अभिनेत्रीने, याचेही ऋण मानले पाहिजे.

‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मध्ये अंध मुलगी झालेल्या सीमाताईंना अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने ग्रासले. लाखो लोकांच्या स्मरणात असलेल्या बाईंचे स्वतःचे स्मरण हळूहळू विझत गेले. ज्यांच्या घरात असे म्हातारपण आले आहे, त्यांना याहून अधिक सांगावे लागत नाही.

नटनट्यांविषयी ख्रिस्तसभेचे मन नेहमीच मोकळे होते, असे मात्र नाही. १६७३ साली पॅरिसमध्ये थोर नाटककार व नट मोलिएर मरण पावला, तेव्हा त्याने आपला व्यवसाय त्यागला नव्हता म्हणून तेथील धर्मगुरूने त्याला ख्रिस्ती दफन नाकारले. पत्नीने राजा चौदाव्या लुईचे पाय धरले, तेव्हा कोठे रात्रीच्या अंधारात, गाजावाजा न करता त्याला मूठमाती मिळाली. तेथपासून आपण बरेच चालत आलो. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी या साधनांवर स्वतंत्र आदेशपत्र काढले. आणि ज्या तरुणाने १९४१ पासून नाझी अमलाखालच्या क्रॅको शहरात लपूनछपून नाटकांत भूमिका केल्या, तोच पुढे पोप दुसरे जॉन पॉल झाला.

नोव्हेंबरात मृतांच्या नावांच्या याद्या वेदीपाशी येतात. अख्रिस्ती कलावंतासाठी मिस्सात प्रार्थना चालेल का, असे कोणी भाविक संकोचाने विचारतात. चालते. चौथ्या युखरिस्त प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा केवळ परमेश्वरालाच ठाऊक आहे अशा मृतांचाही उल्लेख आहे. यादीत नाव निःसंकोच लिहावे. आडनाव माहीत नसले तर ‘सुलोचनादीदी’ एवढेही पुरे.