लाळग्रंथीचा क्षयरोग : चाकूपासून सुईपर्यंत

कानाच्या पाळीखाली न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ आली की रुग्णाला पहिली भीती वाटते ती कॅन्सरची. खरे सांगायचे तर डॉक्टरच्या मनातही आधी ट्यूमरच येतो. क्षयरोग सहसा आठवत नाही, कारण लाळग्रंथीत तो विरळाच.

मानेच्या गाठींचा क्षयरोग मात्र फार जुना. आयुर्वेदातील गंडमाळेचे वर्णन त्याच्याशी बरेच जुळते. इंग्लंड-फ्रान्समध्ये अशा गाठी राजाच्या स्पर्शाने बऱ्या होतात असा समज होता. पुढे कोशकार म्हणून गाजलेल्या सॅम्युअल जॉन्सनला १७१२ मध्ये, अडीच वर्षांचा असताना, राणी अ‍ॅनकडे नेले होते. गुण आला नाही. व्रण जन्मभर राहिले. गाठ नेमकी कोणत्या ग्रंथीची, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नव्हता.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. झील आणि नील्सन यांची जंतू रंगवण्याची पद्धतही लगोलग आली. १८९० च्या दशकात युरोपातील सर्जननी कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथीतील क्षयरोगाची नोंद केली. पॅरोटिडच का? गर्भावस्थेत या लाळग्रंथीचे आवरण उशिरा तयार होते, त्यामुळे काही लसिकाग्रंथी तिच्या आतच राहतात आणि जंतूला आसरा मिळतो. एरवी वाहती लाळ जंतूंना टिकू देत नाही, असे मानले जाते.

एवढे कळूनही निदान सोपे झाले नाही. फुफ्फुसाच्या क्षयात थुंकीतून भरपूर जंतू पडू शकतात. इथे ते मोजकेच असतात. छातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ निघतो. त्यामुळे कितीतरी दशके निदान व्हायचे ते ग्रंथी काढून पॅथॉलॉजिस्टच्या हाती गेल्यावर. आणि चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते!

मी एम.डी. करत असताना अशी एक रुग्ण पाहिली. तिशीतली बाई, ट्यूमर समजून ऑपरेशन झालेले. आठवड्याने रिपोर्ट आला : क्षयरोग. एक डोळा नीट मिटत नव्हता. औषधे समजावून सांगितल्यावर तिने विचारले, "डॉक्टर, गोळ्यांनी बरं होणार होतं, तर कापलं कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

खरे तर सुईची वाट केव्हाच सापडली होती. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी गाठीत सुई घालून पेशी ओढून तपासण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांच्याच देशात त्याचे फारसे स्वागत झाले नाही. ही पद्धत पुढे रुजवली ती स्वीडनच्या डॉक्टरांनी. हीच आजची एफएनएसी. तिच्यात ग्रॅन्युलोमा आणि दह्यासारखा मृत भाग दिसला की क्षयाचा संशय बळावतो. पण नुसता ग्रॅन्युलोमा सारकॉइडोसिसमध्येही दिसतो, म्हणून जंतूचा पुरावा हवा.

कल्चरला कित्येक आठवडे लागतात. जीनएक्स्पर्ट मात्र जंतूचा डीएनए साधारण दोन तासांत शोधते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याची शिफारस केली आणि २०१३ मध्ये फुफ्फुसाबाहेरच्या काही नमुन्यांसाठीही. गोव्यात तयार झालेली ट्रूनॅट चाचणी याच जातीची. जंतू कमी असले तर या चाचण्याही निगेटिव्ह येतात, तेवढ्यावर क्षय नाही असे समजू नये.

एक साधी गोष्ट अजूनही चुकते. काढलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात आणि कल्चर करताच येत नाही. त्या बाईच्या बाबतीतही तेच झाले होते. तुमच्या घरी कुणाची अशी गाठ तपासायची असेल, तर थोडा नमुना सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी जाणार आहे ना, एवढे आधी विचारून घ्या.