तिरका छेद

उंदराच्या भ्रूणाचा अकरावा दिवस. मेंदू म्हणावा असं अजून काही नाही. द्रवाने भरलेल्या पोकळीभोवती लांबट पूर्वज पेशींची पातळ भिंत, एवढंच. या वयात अशा एका पेशीच्या दोन व्हायला साधारण ८ तास लागतात. आपल्या पेशीत एएसपीएम जनुकाचं प्रथिन मात्र फारच कमी आहे.

८ तास उरले: पेशी नुकतीच जन्मली. तिचं केंद्रक पोकळीपासून दूर सरकू लागतं. सगळं सुरळीत.

५ तास: बाहेरच्या अंगाला डीएनएची नक्कल सुरू. तीही बिनचूक.

२ तास: केंद्रक मागे फिरतं, कारण विभाजन पोकळीच्या काठावरच व्हायचं. (ही ये-जा एफ. सी. सॉअर यांनी १९३५ सालीच मांडली होती.)

शेवटचा अर्धा तास: गुणसूत्रं मधोमध येतात, दोन्ही ध्रुवांकडून तुर्कतंतू ताणले जातात. त्यांना काठाशी समांतर धरून ठेवायचं काम एएसपीएमचं. इतका काटेकोरपणा कशाला? पोकळीला भिडलेला पेशीपटलाचा तुकडा एकूण पटलाच्या जेमतेम १-२ टक्के असतो. दोन्ही लेकींना पूर्वजच राहायचं, तर छेद त्याच्याच मधून जायला हवा. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत विलंड हुटनर यांच्या गटाने २००६ साली उंदराच्या भ्रूणात हे प्रथिन घटवलं, तेव्हा तुर्कतंतू कलले.

शून्य: छेद तुकड्याला चुकवून जातो. एका लेकीला सगळा तुकडा, दुसरीला काहीच नाही. ती काठ सोडते आणि वेळेआधीच चेतापेशी व्हायच्या वाटेला लागते. चेतापेशी पुन्हा विभागत नाही. कुणी मेलं नाही, एकीने मोठं व्हायची घाई केली. मला तरी हेच भयंकर वाटतं.

आणखी ८ तास: पुढची फेरी बिनचूक झाली तरी ४ ऐवजी २ च पूर्वज. चूक अशीच होत राहिली, तर तूट फेरीगणिक फुगत जाते.

माणसात हे जनुक बिघडलं की डोकं जन्मतःच लहान असतं. जेफ्री वुड्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हा संबंध दाखवला. आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली, तरच हा आजार होतो. नात्यातल्या लग्नांत तो धोका वाढतो. आपल्याकडच्या मामेबहिणीशी होणाऱ्या लग्नांनाही हे लागू आहे.

गंमत अशी, की जनुक बिघडवलेल्या उंदरांचा मेंदू थोडासाच लहान होतो. २०१८ साली मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेटमध्ये तेच केलं, तेव्हा मेंदूचं वजन ४० टक्क्यांपर्यंत घटलं. तिथेही पूर्वज पेशींनी पोकळीचा काठ वेळेआधी सोडला होता.