एमबोन : इंटरनेटमधील बहुप्रक्षेपणाचे बोगदे
एकच प्रक्षेपण हजार संगणकांना हवे असता हजार प्रती न धाडता एकच प्रत धाडावी व वाटा फुटतील तेथे तिच्या नकला कराव्यात, या तंत्रास 'मल्टिकास्ट' म्हणतात. १९९२ मध्ये बहुतेक राउटरना ते अवगत नव्हते. म्हणून मल्टिकास्टचे पाकीट साध्या पाकिटात घालून त्यांच्यातून पुढे नेणारे 'टनेल' उभारण्यात आले. हेच जाळे पुढे 'एमबोन' म्हणून ओळखले गेले. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो येथील 'आयईटीएफ'च्या बैठकीचा आवाज अशा रीतीने २० ठिकाणी पोहोचला.

टनेल जोडताना दोन्ही टोकांचे पत्ते व 'थ्रेशोल्ड'चा आकडा नोंदवावा लागे. पाकिटाचे उरलेले आयुष्य, अर्थात 'टीटीएल', त्याहून कमी असल्यास ते तेथेच थांबे. हा आकडा चुकल्यास संस्थेपुरते प्रक्षेपण बाहेर पसरून अरुंद वाहिन्या तुंबण्याचा धोका असे.