पापणीची सुरकुती आणि बगदादचा कह्हाल

खालाच्या वरच्या पापण्यांची कातडी इतकी लोंबायला लागली की वाचताना ती बोटाने पापणी वर धरू लागली. डॉक्टरांनी पापणीला चिकटपट्टी लावून पुन्हा नजरेची तपासणी केली आणि वरचं किती दिसत नव्हतं ते दाखवलं. शस्त्रक्रियेचं ठरलं तेव्हा घरातच कुजबुज सुरू झाली, ‘या वयात नखरे?’

मला बगदादचा अली इब्न ईसा आठवला. हा कह्हाल, म्हणजे डोळ्यांचा वैद्य. शब्द ‘कुहल’वरून आला, म्हणजे आपला सुरमा. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्याने नेत्ररोगांवर ‘तज़किरत अल-कह्हालीन’ हा ग्रंथ लिहिला. त्यातला एक उपाय ऐकून अंगावर काटा येतो. पापणीच्या जादा कातडीची घडी दोन लाकडी काड्यांमध्ये घट्ट बांधून ठेवायची. रक्त पोहोचेनासं झालं की ती सुमारे दहा दिवसांत वाळून गळून पडते.

त्याच सुमारास अंदलुसात, कुर्तुबाजवळ, अल-ज़हरावीने ‘अल-तसरीफ’च्या शेवटच्या, शस्त्रक्रियेच्या भागात उलट्या वळून बुबुळाला टोचणाऱ्या केसांवर चार उपाय दिले: डाग, जाळणारं औषध, कापून टाके आणि वेताच्या काड्या. डाग देण्याआधी पापणीवर शाईने विलायती मेंदीच्या पानाचा आकार काढायचा. खालाच्या डॉक्टरांनीही आधी पेनानेच रेघा आखल्या!

यात रूप खुलवण्याचा विषय नव्हता, डोळा वाचवायचा होता. ‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्द पुढे 1818 मध्ये जर्मनीच्या फॉन ग्रेफेने रूढ केला, तोही पापणीच्या दुरुस्तीसाठीच.

बोटॉक्सचंही तेच झालं. तिरळेपणा आणि पापण्यांची बेभान फडफड यांवर ते आधी वापरलं गेलं. 1987 मध्ये व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या एका रुग्णाने सांगितलं की सुईमुळे कपाळाच्या आठ्याही जातात. त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी 1992 मध्ये निबंध छापला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली ती थेट 2013 मध्ये. हसताना पडणाऱ्या रेघांवर ते चालतं. लोंबणाऱ्या कातडीवर नाही, कधी पापणी उलट अधिकच खाली येते. जाहिराती हा फरक क्वचितच सांगतात.

खालाच्या पापण्या आठवडाभर सुजलेल्या, जांभळ्या होत्या. टाके निघाल्यावर चष्मा लावून तिने पहिलं काय वाचलं, तर शिधापत्रिका. म्हणाली, ‘अगं, यात माझं नाव चुकलंय की!’