१२३४५६७८९८७६५४३२१

१२३४५६७८९८७६५४३२१ : सतरा अंकी पूर्ण संख्या. नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग असून तो उलटसुलट वाचला तरी तोच राहतो. ‘लीलावती’तील स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी, म्हणजे परार्धाच्या एक पायरी खाली येतो.

अंकांचा हा चढउतार कागदावर गुणाकार मांडताच उलगडतो. १११११११११ च्या नऊ ओळी एकेक घर सरकवून एकाखाली एक लिहिल्यास पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ एक जमतात आणि पुढे ते त्याच क्रमाने कमी होतात. एकाही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नसल्याने हातचा येत नाही. सर्व अंकांची बेरीज ८१ भरते.

महाराष्ट्राचे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. मुंबईहून कल्याण, पुणे, दौंडकडे जाणाऱ्या तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेमार्गावरील डेम्लो (आताचे डोंबिवली) स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या आणि पुढे देवळालीत शाळामास्तर म्हणून काम केलेल्या कापरेकरांचा या विषयावरील लेख १९३८ साली ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला. डेम्लो संख्येच्या दोन टोकांच्या भागांची बेरीज केली की मधल्या भागातलाच अंक पुन्हा पुन्हा मिळतो. २५५३ मध्ये २ + ३ = ५. प्रस्तुत संख्येत मधला ९ वगळून उरलेले भाग मिळवावेत : १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. इतक्या साध्या बेरजेतून इतकी देखणी रचना क्वचितच निघते.

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७; तेव्हा संख्येचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² आणि विभाजक ४५. तिला ८१ ने भागल्यास १२३४५६७९ चा वर्ग येतो; त्या मुळात आठ हा अंक नाही. याउलट ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग, ९९९९९९९९८००००००००१, मिळतो. त्याचे नऊ-नऊ अंकी दोन भाग मिळवले की पुन्हा ९९९९९९९९९ हाती येतो. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

ही माळ कापरेकरांच्याही फार पूर्वी गणितज्ञांच्या नजरेत भरली होती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथात १२३४५६५४३२१ ही तिची धाकटी बहीण नोंदवली आहे.

दहा एकांच्या वर्गात मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा द्यावा लागतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येऊन सममिती मोडते. ही मर्यादा दशमान पद्धतीची आहे : द्वादशमानात हीच रचना अकरा एकांपर्यंत टिकते, षोडशमानात पंधरापर्यंत.