गाडी जमिनीपासून किती वर असावी?

वऱ्हाडात बैलांच्या दोन गाड्या असायच्या. शेतात जायची ती बंडी: चाकं उंच, सांगाडा जड. दुसरी शंकरपटाची. ती इतकी हलकी की दोन माणसं सहज उचलतील. बंडीनं कापूस, कडबा आणि वेळ आली तर आजारी माणूस वाहायचा. पटाच्या गाडीचं काम एकच, ते म्हणजे काही सेकंदांत घराण्याचं नाव करणं. बंडी घेऊन कोणी पटात उतरत नव्हतं आणि पटाच्या गाडीत कोणी कडबा भरत नव्हतं.

हे आठवायचं कारण म्हणजे आज गावोगावची पोरं जुनी मारुती ८०० घेऊन तिची स्प्रिंग कापतात, मोठे अलॉय चढवतात आणि त्याच गाडीनं घरचं सगळं कामही करू पाहतात. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर असावं, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो मला आमच्या किन्हीराजाच्या रस्त्यावरून दिसतो तसा सांगतो.

सुरुवात चाकापासून. १८३०च्या दशकात सोलापूरकडच्या गाड्यांची चाकं भरीव असायची. त्यांचं ओझंच इतकं की गाडीला बऱ्याच बैलजोड्या लागायच्या. जमीनमोजणीच्या कामावरच्या लेफ्टनंट गेसफोर्डनं टेंभुर्णीला सुधारित गाड्यांचा कारखाना काढला. तिथून हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या पसरल्या. चाक बदललं तशी बैलांची संख्या घटली आणि माल लांबच्या बाजारात जाऊ लागला. चाकाचं वजन ही शोभेची बाब नसते, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

आता उलटी दिशा. १९५९ साली इंग्लंडमध्ये ॲलेक इस्सिगोनिसची मिनी आली. तिची चाकं फक्त १० इंचांची होती. त्यामागे फॅशन नव्हती, जागेचा हिशोब होता. चाक लहान तर चाकावरची कमान लहान, आणि कमान लहान तर आत चार माणसं बसतात. ॲलेक्स मोल्टननं तिला स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू दिले, कारण ते कमी जागेत मावत होते. बुटकी गाडी, कोपऱ्यात ठेवलेली चाकं, जमिनीलगतचं वजन. यामुळे वळणावर मोठ्या गाड्या मागे पडू लागल्या आणि १९६४ मध्ये मिनी कूपरनं मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. छोटी गाडी खाली बसवण्याचं वेड जगभर पसरलं त्यात या विजयांचा वाटा मोठा आहे.

त्याच काळात लॉस एंजेलिसकडची मेक्सिकन वंशाची कामगार पोरं वेगळ्याच कारणासाठी गाड्या खाली आणत होती. गोऱ्या पोरांच्या गाड्या वेगासाठी होत्या. यांना सावकाश जायचं होतं, सगळ्यांना दिसेल असं. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात नियम आला: गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली नको. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणानं १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली. बंडी आणि पटाची गाडी एकाच सांगाड्यात! राज्यानं ती बंधनं काढायला २०२४ साल उजाडलं.

आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली. तिला पुढे गुंडाळी स्प्रिंग, मागे पाटे. पाटे असलेली गाडी खाली आणायची तर मिस्त्री एखादा पाटा काढायचा किंवा पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळा घालायचा. मग १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचा १९८६चा अवतार मागेही गुंडाळी स्प्रिंग घेऊन आला आणि गाडी बसवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग उघडला: ग्राइंडर घ्या आणि वेटोळं कापा.

माझ्या मामेभावानं हेच केलं. त्याचा फोन आला तो कौतुकाच्या अपेक्षेनं. "दादा, फोटो पाह्यला का? कशी दिसून राह्यली?" दिसत छानच होती. मामाचं मत वेगळं होतं. "गाडी हाये का घोरपड? आईले वाशिमले न्यायचं तं कशात न्यायचं?" घरात ती एकच गाडी आहे. आजीची तपासणी, बियाण्याच्या बॅगा, लग्नं, सगळं तिच्यावर. बाप-लेकाचं बोलणं बंद झालं आणि मी मध्यस्थ झालो. इंजिनिअर असल्यानं हिशोब मांडायचं काम माझ्याकडे आलं.

हिशोब असा. ८००चं पोट रस्त्यापासून सुमारे १७० मिमी वर असतं. त्यानं ४० मिमी उतरवलं, उरले १३०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्याकडचे ब्रेकर मानक वाचून बांधलेले नसतात. मागे तीन माणसं बसली की उरलेली ३० मिमी कधी संपते आणि चेंबर कधी लागतो, ते आवाजावरूनच कळतं.

दुसरं म्हणजे स्प्रिंग. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं तर उरलेली स्प्रिंग मऊ होत नाही, सुमारे २० टक्के कडक होते. शॉकअप मात्र जुनाच, लांब स्प्रिंगसाठी बनलेला. त्याला आता धड वर-खाली जायला जागाच नाही. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. नीट करायचं तर आखूड स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा आखूड शॉकअप एकत्र घ्यावा लागतो. नंतर अलाइनमेंट.

तिसरं, चाक. कंपनीचा टायर १४५/७० आर १२, त्याचा व्यास सुमारे ५०८ मिमी. त्यानं घातला १५५/६५ आर १३, तो सुमारे ५३२. म्हणजे गाडी १२ मिमी परत वर आली! वर चाकाची कमान ५२ मिमीनं जवळ आली आणि टायर घासू लागला. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ६३ नं जाते. १३ इंचीच हवं तर १६५/५५ व्यासाला जुळतो, पण त्याची भिंत बुटकी. खड्ड्याचा मार थेट रिमला. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला की संपलं. शिवाय नटांचं अंतर, मधलं भोक आणि ऑफसेट जुळले नाहीत तर बेअरिंगवर ताण येतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या रचनेत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

भावानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग गरिबानं शौक करूच नाही का?" या प्रश्नाला माझ्या हिशोबात उत्तर नव्हतं. तो बरोबर बोलत होता. शहरातला शौकीन घरी दुसरी गाडी ठेवतो. पटाची वेगळी, कामाची वेगळी. अगिरेनं पंप बसवले ते हीच अडचण सोडवायला. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याला मात्र ४० मिमीचा हिशोब आईच्या, आजीच्या पाठीवर मांडावा लागतो. त्यानं शेवटी नव्या स्प्रिंगा मागवल्या आणि १२ इंची डिस्क काळ्या रंगवून घेतल्या. दिसायला वाईट नाहीत.

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. त्या काँक्रीटवर १३० मिमीची गाडीही लोण्यासारखी पळेल. पण खाली उतरलं की काळी माती सुरू होते, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी, वरचं डांबर लाटांसारखं उचलणारी. ही माती आहे तोवर इथल्या गाडीची उंची कंपनी, आरटीओ किंवा मिस्त्री कोणीही एकटा ठरवू शकत नाही. घरापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर ती ठरवतात.