हे नव्हेच ते गाणं!

कऱ्हाडजवळच्या मलकापूरला आमच्या आजोबांकडे चावीचा फोनो होता. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे गायची. रंगभूमीवर बालगंधर्व वन्समोअर घेत तेच पद कितीतरी वेळ आळवीत. तबकडीत मात्र गाडी गाठायची असल्यासारखे आटोपते घेत. "हे नव्हेच ते गाणं!" आजोबा करवादत.

१९४८ साली अमेरिकेत एल.पी. निघाली. एका बाजूस वीसेक मिनिटे मिळू लागली. पण तोवर बालगंधर्वांनी साठी गाठली होती!

आता आजोबा नाहीत, ते वन्समोअर नाहीत. उरली ती तीन मिनिटे. तेवढीच मला पाठ. तेच पद कुणी मैफलीत रंगवून लांबवले, की मीच करवादतो, "हे नव्हेच ते गाणं!"